वळणापलीकडचा माणूस

ज्या वाहनाला एके काळी खेडोपाडी ‘फटफटी’ म्हणत आणि ज्याचा आवाज ऐकून मुले ओटीवर धावत येत, ते आता घरोघरी अंगणात उभे असते. त्याचे नवल उरलेले नाही. नवल आहे ते त्याच्या नव्या उपयोगाचे. बाजाराला, कचेरीला किंवा देवळात पालखीच्या वेळेवर पोहोचावे म्हणून गाडी काढणे ही एक गोष्ट. आणि केवळ घाट चढावा, घाट उतरावा, धुके अंगावर घ्यावे, वळणामागून वळण घेत जावे, एवढ्याचसाठी पहाटे घर सोडणे ही दुसरी. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारे, फोंड्याहून मोले ओलांडून अनमोडचा घाट चढणारे, सावंतवाडीहून आंबोलीच्या धबधब्यांकडे निघालेले असे तरुणांचे जथे पावसाळ्यातील रविवारी हमखास दृष्टीस पडतात. हैदराबाद, इंदूर, बडोद्याकडची आमची मुले तर वर्षभराची रजा साठवून थेट मनाली-लेहच्या वाटेला लागतात.

या छंदाची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. वडीलधारी मंडळी ती पुष्कळ करतात आणि तिचा परिणाम काहीच होत नाही. कारण निंदा करणाराने त्या छंदातील आनंद कधी चाखलेलाच नसतो, आणि हे तरुणांस बरोबर ठाऊक असते. तो आनंद खरा आहे. मलप्रभेचा उगम जेथे होतो त्या कणकुंबीस माउलीचे दर्शन घेऊन पश्चिमेकडे निघावे, सुमारे ८०० मीटर उंचीचा घाटमाथा ओलांडावा, आणि केरीच्या बाजूस उतरू लागताच एखाद्या वळणावर अंजुणे धरणाचे पाणी व त्याभोवतीचे सत्तरीचे हिरवे रान एकाएकी समोर उलगडावे, हे सुख मोटारीच्या काचेआडून मिळत नाही. दुचाकीवरील मनुष्याला वाऱ्याचा गारवा बदललेला कळतो, ओल्या मातीचा वास कळतो, रस्त्याचा चढउतार त्याच्या मनगटांना आणि मांड्यांना कळतो. एखादे अवघड काम अंगी मुरवून ते सफाईने करण्यात जी प्रतिष्ठा आहे, ती येथेही आहे. आमच्या परंपरेने कर्मातील कौशल्यास हलके लेखलेले नाही.

आम्हांस जो प्रश्न मांडावयाचा आहे तो याहून निराळा आहे. घाटात भरधाव जाणाऱ्या तरुणास कोणी हटकले, तर तो बहुधा एकच उत्तर देतो: “माझा जीव माझा आहे. मी धोका पत्करतो तो समजून उमजून. पडलो तर मी पडेन. तुमचे काय गेले?” हे उत्तर उद्धटपणाचे म्हणून सोडून देता येत नाही. त्यामागे एक विचार आहे, आणि तो विचार मोठ्या माणसांचा आहे. जॉन स्टुअर्ट मिल्लने १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधात हेच तत्त्व मांडले: मनुष्याच्या वर्तनाने दुसऱ्यास इजा होत असेल तरच समाजाने त्यास आवरावे, केवळ त्याच्या स्वतःच्या हितासाठी त्याच्यावर सक्ती करू नये. मिल्लने तेथे एका धोक्याच्या पुलाचा दाखलाही दिला आहे. पूल मोडकळीस आल्याचे ठाऊक नसलेल्या वाटसरूला हाताला धरून मागे ओढले तर त्यात त्याच्या स्वातंत्र्याचा भंग नाही. परंतु संकट खात्रीचे नसून केवळ संभवनीय असेल, तर त्यास सावध करावे आणि पुढचा निर्णय त्याच्यावर सोडावा. आगरकरांच्या पिढीने मिल्लचे ग्रंथ आस्थेने वाचले, आणि महाराष्ट्रातील व्यक्तिस्वातंत्र्याच्या विचाराला त्यातून बळ मिळाले. तेव्हा घाटातला तरुण नकळत का होईना, आगरकरांच्या घराण्यातला युक्तिवाद करीत असतो. त्याला उत्तर द्यावयाचे तर त्याच भूमीवर उभे राहून दिले पाहिजे.

हा युक्तिवाद जेथे पुष्कळ अंशी प्रामाणिक ठरतो असे एक ठिकाण जगात आहे. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात ‘आइल ऑफ मॅन’ नावाचे बेट आहे. तेथे १९११ सालापासून डोंगरातून जाणाऱ्या सुमारे ६० किलोमीटरच्या वाटोळ्या मार्गावर मोटारसायकलींच्या शर्यती होतात. रस्ता नेहमीचाच: दुतर्फा दगडी गडगे, घरांच्या भिंती, दिव्याचे खांब, आणि दोनशेहून अधिक वळणे. आजवर अडीचशेहून अधिक स्पर्धक त्या मार्गावर प्राणास मुकले आहेत. या शर्यती चालू ठेवाव्यात की बंद कराव्यात, यावर तेथे पिढ्यान्‌पिढ्या वाद चालत आला आहे, आणि आम्ही त्यात पडत नाही. आम्हांस महत्त्वाची वाटते ती निराळी बाब. शर्यतीच्या वेळी तो रस्ता कायद्याने बंद केलेला असतो. सर्व स्पर्धक एकाच दिशेने जातात. वळणापलीकडून गवताची गाडी येणार नाही, याची हमी राज्याने घेतलेली असते. इतकेच काय, त्या पंधरवड्यात बाहेरून आलेले हौशी लोक आपापल्या गाड्या घेऊन तो मार्ग फिरू पाहतात म्हणून डोंगरावरचा भाग एकदिशा करण्यात येतो. ‘माझा जीव माझा’ असे म्हणण्याचा अधिकार जेथे द्यावयाचा, तेथे आधी समोरचा मनुष्य रस्त्यावरून काढून घ्यावा लागतो, हे त्या बेटावरील लोकांना कळले आहे. आणि तरीही २००७ साली एका अपघातात दोन प्रेक्षक मेले. म्हणजे एवढी तजवीज करूनही तो युक्तिवाद पुरता निर्दोष होत नाही.

आता चोर्ल्यास परत येऊ. येथे रस्ता कोणी बंद केलेला नाही. बेळगावची भाजी आणि दूध याच वाटेने रोज गोव्यात उतरते. कदंबच्या आणि कर्नाटकाच्या बसगाड्या आहेत. आपल्या कुलदैवताच्या दर्शनाला फोंडा महालात निघालेली कुटुंबे आहेत. तीन पिढ्या एका गाडीत, मांडीवर नैवेद्याची पिशवी. डोक्यावर जळणाचा भारा घेतलेली बाई आहे. गवळी धनगराचे दुभते आहे. आणि पावसाळ्याच्या रात्री तर रानात सर्वत्र ओल असल्यामुळे गुरे कोरड्या डांबरावर येऊन बसतात व काळी म्हैस काळ्या रस्त्यावर दहा पावलांपर्यंत दिसत नाही. यांपैकी कोणीही शर्यतीत नाव नोंदविलेले नाही. धोका पत्करण्याचा करार त्यांच्याशी कोणी केलेला नाही.

वळण म्हणजे काय? वळण म्हणजे रस्त्याचा असा भाग, जेथे आमचे ज्ञान संपते आणि आमची गती संपत नाही. घाटातील नैतिक प्रश्न एवढ्याच वाक्यात आहे, असे आम्हांस वाटते. या ठिकाणी आमच्या जुन्या शास्त्रकारांची आठवण होते. भाट्ट मीमांसकांनी, आणि त्यांच्यामागून अद्वैत वेदान्त्यांनी, ‘अनुपलब्धी’ हे सहावे प्रमाण मानले. समोरच्या भूमीवर घट नाही हे आम्हांस कसे कळते? तो दिसत नाही म्हणून. परंतु नुसते ‘दिसत नाही’ एवढे पुरत नाही, असे त्यांनी बजावले. घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती पाहिजे: उजेड पाहिजे, डोळे उघडे पाहिजेत, मध्ये भिंत नको. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून तो नाही असे म्हणता येत नाही. योग्य अशी अनुपलब्धी तेवढी प्रमाण, बाकीचे अज्ञान. घाटातील आंधळ्या वळणावर गाडीचा वेग कायम ठेवणारा मनुष्य हीच चूक करीत असतो. “रस्ता मोकळा होता,” असे तो नंतर सांगतो. रस्ता मोकळा होता हे त्यास ठाऊक नव्हते. रस्ता दिसत नव्हता, एवढेच त्यास ठाऊक होते. न दिसण्याला तो नसणे समजला. ही तर्कातील चूक पुस्तकात केली तर परीक्षेतील दोन गुण जातात. वळणावर केली तर दुसऱ्याच्या घरातील कर्ता माणूस जातो.

हिशेब थोडा मांडून पाहावा, म्हणजे ही चूक किती मोठी आहे ते ध्यानी येईल. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ताशी ६० ने जाणारी जवळजवळ १७ मीटर. संकट दिसल्यापासून हात ब्रेकवर पडेपर्यंत सावध मनुष्यालाही सुमारे एक सेकंद लागतो. त्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट तर अंतर चौपट. कोरड्या, चांगल्या सडकेवर साधारण स्वाराला ४० च्या वेगातून थांबण्यास एकूण वीस मीटरांच्या आसपास जागा लागते, ६० च्या वेगातून चाळीसच्या आसपास. आणि पावसात याहून पुष्कळ अधिक. घाटातील अडकित्त्यासारख्या वळणावर, त्यात धुके असता, पुढचे पंधरा मीटरही दिसत नाहीत. शिवाय समोरचाही स्थिर नसतो. दोघेही ६० ने येत असतील तर त्यांच्यामधले अंतर दर सेकंदास ३३ मीटरांनी कमी होते. यास्तव जाणत्या स्वारांचा नियम असा की, जेवढा रस्ता डोळ्यांस दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग. आणि रस्ता अरुंद असेल तर दिसणाऱ्या रस्त्याच्या अर्ध्यात, कारण उरलेला अर्धा दुसऱ्याचा आहे. हा नियम कोणी फौजदाराने घातलेला नाही. तो ज्ञानाच्या मर्यादेतून आपोआप निघतो.

मोटारसायकलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी मोटार चालविणाऱ्यास कळत नाही. ही गाडी वळते ती कलून. कललेल्या स्थितीत टायरची जी पकड जमिनीवर असते ती वळण घेण्यातच बरीचशी खर्ची पडलेली असते. ब्रेकसाठी थोडीच शिल्लक उरते. वळणाच्या मध्यावर घाबरून ब्रेक दाबला, तर एक तर चाक घसरते किंवा गाडी उभी होऊन सरळ समोरच्या बाजूस जाते. म्हणून वेग कमी करावयाचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. उतारावर गिअर खालचा ठेवून इंजिनाच्या रोधावर उतरावे. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐन वेळी दगा देतो. १२५ घनसेंटिमीटरवरील नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी ब्रेकयोजना आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली, हे फार चांगले झाले. पण ती योजना शेवाळलेल्या डांबरावर पकड निर्माण करू शकत नाही, आणि वळणापलीकडचे दाखवू शकत नाही. यंत्राने दिलेली सुरक्षितता वेगात उधळून टाकावी, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे.

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. उजवे वळण घेताना दुचाकी उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मध्यरेषेकडे कलते. चाके रेषेच्या अलीकडे असतात, आपल्या हद्दीत असतात. पण कललेल्या स्वाराचे डोके आणि खांदा रेषेच्या पलीकडे, समोरून येणाऱ्या बसच्या वाटेत गेलेले असतात. आपण नियम पाळीत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. खाली पाहिले तर चाके साक्ष देतात. परंतु ज्या भागाने आपण विचार करतो तोच भाग दुसऱ्याच्या जागेत आहे, हे त्यास दिसत नाही. घाटाबाहेरच्या संसारातही असे पुष्कळ घडते. पण तो विषय येथे नको.

न दिसणाऱ्याचा अंदाज घेण्याची काही साधने मात्र आहेत, आणि त्यांतच या विद्येचे खरे सौंदर्य आहे. पर्वतावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे अनुमान करावे, हा न्यायशास्त्राचा पाठ आमच्या पूर्वजांनी मुलांकडून घोकून घेतला. घाटातील शहाणा स्वार दिवसभर हाच पाठ गिरवीत असतो. रस्त्यावर ओले शेण दिसले. पुढे गुरे आहेत. झाडाच्या डहाळ्या तोडून कडेस टाकल्या आहेत. पुढे बंद पडलेला ट्रक उभा आहे. तांबडी माती डांबरावर वाहून आली आहे. वर दरड सैल झाली आहे. हवेत डिझेलचा वास आहे. वळणावर तेल सांडले असेल. भोंगा वाजवावा तोही याच भावनेने, की मी येथे आहे, हे पलीकडच्याला कळावे. डांबरी सडका होण्यापूर्वी याच घाटांतून वंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य वाहून नेत. त्यांच्या बैलांच्या गळ्यांतील घंटा लांबून ऐकू येत आणि अरुंद वाटेवर समोरून येणारास आधीच कडेला होता येई. जो दिसत नाही त्याला आपली चाहूल द्यावी, आणि त्याची चाहूल घ्यावी, हा घाटाचा जुना शिष्टाचार आहे. आजचे पुष्कळ भोंगे मात्र ‘बाजूला हो’ एवढेच सांगतात.

दृष्टिआडचा मनुष्य प्रत्येक वेळी वळणामागेच असतो असे नाही. अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून जो इंग्रज प्रसिद्धीस आला, तो मोटारसायकलीचा मोठा भोक्ता होता. १३ मे १९३५ रोजी इंग्लंडातील डॉर्सेट परगण्यात आपल्या घराजवळच्या रस्त्याने तो जात होता. रस्त्यात एक खोलगट उतार होता, आणि त्या खोलगटात सायकलींवरून चाललेली दोन मुले त्यास दिसली नाहीत. दिसली तेव्हा उशीर झाला होता. त्यांना वाचविण्यासाठी त्याने गाडी वळविली आणि तो फेकला गेला. डोक्यास झालेल्या इजेने सहा दिवसांनी, १९ मे रोजी, त्याचा अंत झाला. त्याचे वय ४६ होते. मुले वाचली. त्याला तपासण्यास जे वैद्य बोलाविले गेले त्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. डोक्यावर शिरस्त्राण असते तर अशी किती माणसे वाचली असती, या विषयाचा त्यांनी पुढे पाठपुरावा केला. १९४१ साली त्यांचा निबंध इंग्लंडातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. सर्वसामान्यांसाठी तेथे तसा कायदा होण्यास १९७३ साल उजाडावे लागले. म्हणजे आज आमची मुले जे हेल्मेट आरशाला अडकवून घाट चढतात आणि चौकी दिसली की डोक्यावर चढवितात, त्याच्यामागे असा इतिहास आहे.

येथवर कोणी म्हणेल, हे सारे ठीक. पण ज्याची वेळ भरली त्यास कोण वाचविणार? आमच्या समाजात हे उत्तर फार चालते. अपघाताची बातमी आली की “वेळ आली होती” असे म्हणून आपण उसासा टाकतो. शोकाकुल घराला या शब्दांनी आधार मिळतो, आणि त्या क्षणी ते बोलणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. परंतु हेच शब्द अपघाताच्या आधी बोलले गेले, तर त्यांचा अर्थ बदलतो. तेव्हा ते सांत्वन राहत नाहीत, परवाना होतात. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिराने दैव आणि पुरुषकार यांत श्रेष्ठ कोण असे विचारले असता भीष्मांनी जे सांगितले त्यात बीज आणि क्षेत्र यांचा दृष्टान्त आहे: दैव हे बीज, पुरुषप्रयत्न हे शेत, एकावाचून दुसरे फळत नाही. वरून सुटलेली दरड, ऐन वेळी फुटलेला टायर यांत दैवाचा वाटा आहे, आणि तो नाकारणे हा अहंकार होईल. पण धुक्यात साठच्या वेगाने आंधळे वळण घेणे हे मनुष्याने स्वतः नांगरलेले शेत आहे.

दसऱ्याला आपण वाहनांची पूजा करतो. गाडी धुवून तिला झेंडूची माळ घालतो, गंध लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. घाटातून जाताना वाटेवरच्या घुमटीपुढे गाडी थांबवून नारळ वाढविण्याचा प्रघातही अनेक ठिकाणी आहे. हा प्रघात आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो, आणि त्याचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे: देवापुढे थांबलेला मनुष्य थांबलेला असतो. त्याचा श्वास खाली बसतो, ब्रेक निवतो, पुढचा उतार त्यास दिसतो. तथापि पूजेकडे विम्याचा हप्ता म्हणून पाहणारेही आहेत. नारळ फोडला, आता देव सांभाळील, अशा हिशेबाने जो पुढचे वळण उधळीत जातो त्याने देवाकडे काय मागितले, याचा त्याने स्वतःच विचार करावा. स्वतःसाठी रक्षण मागितले असेल, तर समोरून येणाऱ्या बसमधील यात्रेकरूंनीही त्याच घुमटीपुढे तेच मागितलेले असते. देवाने कोणाचे ऐकावे?

मागे बसणाऱ्याचा विचार याहून जवळचा आहे, आणि आमच्या मते अधिक गंभीर. कठोपनिषदातील रथाच्या रूपकात शरीर हा रथ, आत्मा हा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम आणि इंद्रिये घोडे. एकटा स्वार असतो तेव्हा रथी आणि सारथी एकाच खोगिरावर बसलेले असतात. दुसरा मनुष्य मागे बसला की रूपक बदलते. आता त्याचा रथ तुमच्या हाती आला. गोव्यात पिवळ्या मडगार्डाच्या भाड्याच्या मोटारसायकलीवर नेणाऱ्यास ‘पायलट’ म्हणतात. अनोळखी बाई, वृद्ध, परगावचा यात्रेकरू कोणीही त्याच्या पाठीमागे निर्धास्त बसतो. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, हातात ब्रेक नाही, हँडल नाही. त्याला वळण कळते ते वळल्यावर. इतका पूर्ण विश्वास आपण दैनंदिन व्यवहारात क्वचितच कोणावर टाकतो. आणि घरचे माणूस मागे असले की आपण त्याला सर्वांत कमी जपतो. पुत्राच्या डोक्यावर हेल्मेट, मागे बसलेल्या आईच्या डोक्यावर पदर, आणि तो पदर चाकाकडे लोंबकळणारा. पत्नी एका बाजूने पाय सोडून बसलेली, तिच्या मांडीवर मूल. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९. आणि यांत १४,३३७ मागे बसलेले होते. मागे बसलेल्या त्या माणसांनी वेग ठरविला नव्हता. त्यांच्यापुढे ‘माझा जीव माझा’ हा युक्तिवाद उच्चारून पाहावा.

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही. कोंकणीत ‘येतां’ म्हणतात, मराठीत ‘येतो’. हा शब्द आपण शकुनापुरता समजतो. पण दारात उभ्या असलेल्या माणसाला तो वचन म्हणून ऐकू येतो. मिल्लच्या युक्तिवादात या उंबरठ्यावरच्या माणसाला स्थान थोडे आहे. स्वतःच्या जिवाचा जुगार खेळणाऱ्याला तो त्याच्यावर अवलंबून असलेल्यांपुरता जाब विचारतो, हे खरे. परंतु आमच्याकडे एकट्यापुरते जगणे हीच कल्पना इतकी विरळ आहे की तो अपवादच नियम होऊन बसतो. तरीदेखील आम्ही त्या युक्तिवादाचा शेवट येथे करू इच्छीत नाही. आई काळजी करते म्हणून मुलाने हिमालयात जाऊच नये, असे म्हटले तर जगातील कोणतेच साहस उरणार नाही. स्वतःपुरता धोका पत्करण्याचा, आणि घरच्यांची काळजी ओढवून घेण्याचाही काही हक्क मनुष्याला आहे. तो हक्क जेथे रस्ता दिसतो तेथवर पोहोचतो.

घाटात एक नियम आहे, जो आम्हांस साऱ्या वाहतुकीच्या कायद्यातील सर्वांत सुंदर नियम वाटतो. रस्ता अरुंद असेल, दोन गाड्या एकमेकींच्या बाजूने सुखरूप जाऊ शकत नसतील, तर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्यास वाट द्यावी. कारण उघड आहे: चढावर थांबलेल्या गाडीस पुन्हा गती घेणे कठीण, ओझे भरलेला ट्रक तर मागे घसरू शकतो. उतरणाऱ्याकडे गती फुकटची आहे. पर्वताने ती त्यास दिली आहे. ज्याला निसर्गाने साहाय्य केले त्याने दुसऱ्याच्या कष्टासाठी थांबावे, असा हा कायदा आहे. प्रत्यक्षात उतरणारी दुचाकी थांबत नाही. ती लहान असते, फटीतून जाऊ शकते, आणि फटीतून जाता येते म्हणून जाण्याचा अधिकार आहे असे ती समजते.

पडलेल्या माणसाजवळ न थांबणे ही दुसरी व्याधी. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने लोक काचा वर करून पुढे जात, आणि ती भीती अगदीच निराधार नव्हती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांस संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच तशी तरतूद आली. जखमीस रुग्णालयात पोहोचविणाऱ्यावर त्या मदतीबद्दल खटला भरता येत नाही, आणि आपले नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर नाही. हे आमच्या देवस्थानांच्या फलकांवर, उत्सवाच्या कार्यक्रमाशेजारी, ठळक अक्षरांत लावावयास हरकत नसावी. मैलोगणती वस्ती नाही अशा घाटात पहिला पोहोचणारा मनुष्य हाच बहुधा एकमेव वैद्य असतो.

जथ्याने निघणाऱ्यांविषयी थोडे लिहिले पाहिजे. कारण एकटा असता जो सावध असतो तोच मित्रांमागे वेडा होतो. पुढचा गेला म्हणून मागचा जातो. पुढच्याने जे वळण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतले, ते मागचा पुढच्याच्या लाल दिव्याकडे पाहून घेतो. आणि दृष्टी जिकडे खिळते तिकडे गाडी जाते, हा या वाहनाचा स्वभाव आहे. जुने, मुरलेले फिरस्ते जथ्याची रचना निराळी करतात. वेग ठरतो तो नवख्याच्या कुवतीने. सर्वांत अनुभवी स्वार सर्वांत शेवटी असतो, म्हणजे कोणी पडले, मागे राहिले तर त्याच्यापुढेच पडेल. दोघांमध्ये इतके अंतर की प्रत्येकाने आपले वळण आपण पाहावे. आणि जेथे रस्त्याला फाटा फुटतो तेथे पुढच्याने गाडी कडेला घेऊन उभे राहावयाचे, पाऊस असो की धुके, मागच्याचा दिवा दिसेपर्यंत.